फुलांचा खच, पण फळ नाही: उन्हाळ्याच्या तोंडावरची फूलगळ कशी ओळखायची

पाडवा झाला की कोल्हापुरात घरोघरच्या बागांतून एकच तक्रार ऐकू येते. वेल मांडवावर चढलेला असतो, टोमॅटो काठीला बांधलेला असतो, मिरची पांढऱ्या फुलांनी भरलेली असते, आणि रोज सकाळी कुंडीखाली फुलांचा सडा. फळ मात्र धरत नाही. मग कुणी सांगतं ताक घाला, कुणी म्हणतं हिंगाचं पाणी शिंपडा, कुणी डीएपी खताचे चार दाणे टाकायला लावतं. गल्लीत एखादा जाणकार असतोच, तो थेट कृषी सेवा केंद्रातून टॉनिकची बाटली आणायला पाठवतो. सगळ्या झाडांना एकच औषध, आणि घोळ होतो तो तिथंच. दोडक्याचं फूल ज्या कारणानं गळतं त्या कारणानं टोमॅटोचं गळत नाही. मोगऱ्याच्या कळीचं दुखणं तर तिसरंच.

बाटलीचं झाकण उघडायच्या आधी खाली पडलेलं फूल उचला आणि नीट बघा. ते कुठून तुटलंय, त्याच्या मागं काय आहे, आणि ते उमललं होतं केव्हा, या तीन गोष्टी कळल्या की बहुतेक वेळा औषध लागतच नाही.

वेलवर्गाचं आधी बघू, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच

दोडका, घोसाळं, दुधी, कारलं, काकडी, तांबडा भोपळा या सगळ्यांत एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फूल ओळखायला सोपं. पाकळ्यांच्या मागं देठाकडं बोटाच्या पेराएवढं इवलं फळ आधीपासूनच असतं. दुधीचं लवदार हिरवं, कारल्याचं खरबरीत, दोडक्याचं तर शिरांसकट. नर फुलाला मागं नुसता देठ. दोडक्याची नर फुलं एका दांड्यावर घोसानं येतात आणि मादी फूल त्याच पेरावर एकटं.

पडलेली फुलं उचलून बघितली आणि सगळ्यांना नुसताच देठ असेल, तर काळजीचं कारण नाही. नर फूल एक दिवस उमलतं आणि गळतं, त्याचं काम तेवढंच. वेल सुरुवातीला नर फुलंच काढतो, मादी मागाहून येतात. ऊन वाढलं किंवा नत्र जास्त झालं की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. त्यामुळं वेल हिरवागार, पानं ताटाएवढी आणि मादी फूल दिसेना अशी अवस्था असेल तर युरिया, स्लरी, पेंडीचं पाणी सगळं बंद करा आणि थोडी कळ सोसा. शेंडा खुडून फांद्या काढायचं ते ‘थ्री-जी कटिंग’ दुधीला लागू पडतं, कारण मादी फुलं आडफांद्यांवर जास्त येतात. पण वेल जमिनीत किंवा निदान मोठ्या पिंपात असेल तरच. बारा इंची कुंडीतल्या दुधीला कितीही कटिंग केलं तरी मुळाला जागा नाही तर फांद्या पोसायच्या कशावर?

आता दुसरी शक्यता. मागं इवलं फळ असलेली फुलंच पिवळी पडून गळताहेत. तर कारणं दोन, आणि ती एकमेकांत फार मिसळली जातात.

फळ टोकाकडून पिवळं पडत, सुकत, आक्रसत गेलं आणि त्यावर भोक किंवा डाग काही नाही, तर परागीभवन झालेलं नाही. फळावर सुईनं टोचल्यासारखी खूण आहे, तिथून डिंकासारखा थेंब आलाय, फळ एका बाजूला वाकडं झालंय आणि चिरलं तर आत पांढरट अळ्या, तर ती फळमाशी. पहिल्याला औषध नाही, दुसऱ्याला आहे. फळमाशीवर परागीभवनाचा उपाय करत बसलात किंवा परागीभवन नसताना फवारे मारत बसलात तर हंगाम निघून जातो.

प्रत्येक वेलाची वेळ वेगळी

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचा दोडका असाच रिकामा. त्यांना विचारलं, "वहिनी, फुलं बघता कधी?"

"सकाळी. पाणी घालताना बघते की."

"उमललेली असतात तेव्हा?"

"नाही ओ, सकाळी सगळी मिटलेलीच. म्हणून तर वाटतंय रोग पडलाय."

रोग नव्हता. दोडक्याचं फूल उन्हं कलल्यावर, चार-पाचनंतर उमलायला लागतं. दिवेलागणीला वेल पिवळाधमक दिसतो आणि सकाळपर्यंत खेळ आटोपलेला असतो. सकाळी ब्रश घेऊन गेलात तर हाती काय लागणार? दुधीची पांढरी फुलंही संध्याकाळी उमलतात, रात्रभर राहतात आणि सकाळी मान टाकतात. त्यांच्याकडं मधमाशीपेक्षा रात्रीचे पतंगच जास्त येतात. उलट तांबडा भोपळा पहाटे उमलतो आणि ऊन तापायच्या आत मिटायला लागतो. काकडी आणि कारलं सकाळचं. घोसाळं दोडक्याचं सख्खं भावंड, तरी ते पहाटेला उमलतं. एकाच मांडवावर दोन्ही सोडलेत तर पाळ्या लागल्यासारखं दोन वेळेला जावं लागतं.

हातानं परागीभवन करायचं तर ब्रशबिश शोधत बसू नका. ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या हळूच मागं ओढून काढून टाका, मधला पिवळा दांडा मोकळा करा. तो बोटावर घासला की पिवळी भुकटी लागली पाहिजे. लागली नाही तर ते फूल शिळं, दुसरं घ्या. मग मादी फुलाच्या मध्ये तीन भागांचा जो फुगीर, किंचित चिकट गोंडा असतो, त्याच्या तिन्ही भागांना ती भुकटी टेकवा. एकाच बाजूला लागली तर फळ वाकडं होतं, एका टोकाला फुगतं आणि दुसरीकडं बारीक राहतं. वाकडी काकडी दिसली की बी-बियाण्याला शिव्या घालायच्या आधी हे आठवा. काम जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत इवल्या फळाची मान खाली झुकते आणि ते तरारतं. नाही तर पिवळं पडतं.

हे काम मधमाशा फुकटात करतात, मग आपल्यावर का येतं? चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत, आजूबाजूला नुसतं सिमेंट, त्यात चारी बाजूंनी हिरवी जाळी लावून टाकलेली असेल तर माशी येणार कुठून? जाळी वर हवी, बाजू मोकळ्या ठेवा. वेलांच्या आसपास तुळशीला मंजिऱ्या येऊ द्या, त्या भक्तिभावानं रोज खुडून टाकू नका. झिनिया, सूर्यफूल, उन्हाळी झेंडू यांची एकेक कुंडी ठेवली की मधमाशा येतात. भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, आपल्याच जिल्ह्यात माशा एवढं काम करतात. शहरातल्या गच्चीत त्यांना निदान वाट तरी मोकळी असावी.

फवारणीचंही इथंच सांगून टाकतो. ‘निंबोळी तेल संध्याकाळी फवारा’ असं सगळीकडं लिहिलेलं असतं आणि काकडी, मिरची, वांग्याला ते बरोबर आहे. पण दोडका आणि दुधी संध्याकाळीच उमलतात. ऐन उमलत्या फुलांवर तेलकट फवारा बसला की पराग चिकटतात आणि त्या रात्रीचं सगळं वाया. या दोघांना उन्हं तापायच्या आधी सकाळी लवकर फवारा, तेही पानांच्या खालून. लिटरला पाच मिली तेल, थोडं साबणाचं पाणी आधी तेलातच घोटून मग पाण्यात. भर दुपारी तर कुठल्याच झाडाला नको, पानं करपतात.

फळमाशीसाठी क्यू ल्युअर नावाच्या गंधाच्या आमिषाचा सापळा लावा. आंब्याच्या बागेत लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा वेगळा, वेलांच्या माशीला तो चालत नाही. दुकानदारानं हातात दिला तरी नाव वाचून घ्या. सापळ्यात नर माश्या अडकतात, सगळ्या नाही, म्हणून फळ बोटाएवढं झालं की त्याला कागदी किंवा जुन्या कापडाची पिशवी घालून टाका. घरच्या चार-सहा वेलांना यासारखा दुसरा उपाय नाही. टोचलेली फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. अळी फळातून निघून मातीत कोष करते, म्हणजे पुढच्या पिढीची सोय तुम्हीच लावून देता. ती फळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून दोन-चार दिवस उन्हात ठेवा आणि वेलाखालची माती वरवर उकरून उन्हाला उघडी पाडा. गुळाच्या पाण्याचे सापळे आपल्याकडं बरेच जण लावतात. कोल्हापुरी गुळावर माशीआधी मुंग्यांचा डोळा असतो आणि मुंग्या आल्या की पुढं काय होतं ते खाली येईलच.

टोमॅटोला दुपारपेक्षा रात्र नडते

टोमॅटोचं गळालेलं फूल हातात घ्या. देठाच्या मधोमध एक गाठ असते, फूल बरोबर तिथून सुटलेलं दिसेल. ही गाठ झाडाची स्वतःची सोय आहे, फळ पोसणं परवडेना की झाड तिथून फूल सोडून देतं. पाकळ्या ताज्या आणि तुटल्याची जागा स्वच्छ असेल तर ती कीड नव्हे, ताण.

टोमॅटोला फळ धरायला रात्र साधारण 15 ते 21 अंशांची हवी असते. दिवस 32-35 च्या वर आणि रात्रही उबदार राहिली की पराग निकामी होतात, फूल दिसायला चांगलं असलं तरी आत जीव नसतो. आता कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, सह्याद्रीच्या जवळ. एप्रिलमध्येही संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि अंगणात बरं वाटतं. म्हणूनच जमिनीतल्या टोमॅटोला मार्च अखेरपर्यंत फळ धरतं आणि त्याच घराच्या गच्चीवरच्या टोमॅटोला धरत नाही. कारण स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता सोडत बसतो आणि काळी ग्रोबॅग ती घेत राहते. खात्री करायची तर रात्री नऊला गच्चीवर जाऊन कुंडीशेजारी फरशीला तळहात लावा. हाताला गरम लागली तर निदान झालं.

उपाय साधे आहेत. कुंड्या विटांवर किंवा लाकडी पाटांवर उचला, खालून वारा खेळला पाहिजे. काळ्या बॅगांना बाहेरून गोणपाट गुंडाळा. गच्चीला चुना मारा. दुपारी बारा ते चार सावली हवी. त्यासाठी पन्नास टक्क्यांची शेडनेट छान, पण जुनं सुती लुगडंही तेवढंच चांगलं काम करतं. संध्याकाळी फरशीवर पाणी शिंपडलं की स्लॅब लवकर निवतो. पाणी एक दिवसाआड येत असेल तर धुण्याचं शेवटचं निवळ पाणी त्यासाठी वापरा.

टोमॅटोचं फूल एकाच घरातलं आहे, नर-मादी त्याच फुलात. परागकोशांची नळी हलली की पराग आतल्या आत पडतात. मधमाशीला ते नीट जमत नाही, भुंगा गुणगुणत फुलाला लटकतो तेव्हा ते घडतं. भुंगा नसेल तर सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या घोसामागं देठावर बोटानं टिचकी मारा. टिचकी मारून नुसती धूळ उडाल्यासारखी दिसली तर उत्तम. चेरी टोमॅटो या उन्हात मोठ्या टोमॅटोपेक्षा बरा टिकतो, गच्चीवाल्यांनी उन्हाळ्यात तोच लावावा असं माझं मत आहे.

फळ धरलं पण बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला तर ती फूलगळ नव्हे, कॅल्शियमची अडचण. मातीत कॅल्शियम बहुतेक असतंच. एक दिवस चिखल आणि दोन दिवस कोरडं असं पाणी दिलं की ते फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं मातीत मुरायला महिने लागतात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं स्वच्छ येतील.

मिरची: आधी पान बघा

मिरचीला उन्हाचा ताण असतोच, पण फूल गळतंय आणि पानंही वळताहेत तर गोष्ट वेगळी. आपल्याकडं सगळ्याला बोकड्या म्हणून मोकळं होतात. पण पान वळतं कुठल्या बाजूला? कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबलेला आणि शेंड्याची पानं अरुंद, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. फूल तळहातावर झटकून बघा. गवताच्या कुसळाचे तुकडे पडल्यासारखे पिवळसर कण हालायला लागले तर फुलकिडेच. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण ऐन उन्हात ते पानं जाळतं, आणि निंबोळी तेल फवारल्यावर दोन आठवडे तरी गंधक नको, दोन्ही पाठोपाठ आले की झाड होरपळतं. झाड खुजं, पानं बारीक, पिवळट आणि सुरकुतलेली असतील तर तो विषाणू. पांढऱ्या माशीनं आणलेला. ते झाड उपटा. त्याच्यावर माया करून उपयोग नाही, शेजारची मिरची जाईल.

पानं निरोगी आणि फक्त फुलं गळत असतील तर पाणी आणि सावली बघा. एनएए नावाचं संजीवक शेतकरी वापरतात आणि ते काम करतंही. पण त्याचं प्रमाण लिटरला थेंबांत मोजायचं असतं, जास्त झालं तर तेच फूल पाडतं. चार कुंड्यांसाठी त्या फंदात पडू नये.

पाणी आणि पाचट

दुपारी पानं मलूल झाली म्हणून पाणी ओतू नका. संध्याकाळी पानं आपोआप सावरली तर मुळाशी ओल आहे. सकाळीच मलूल असतील तर खरी तहान. बोट दोन पेरं मातीत घाला, खाली ओल लागली तर थांबा. पंचगंगेकाठची काळी माती वरून भेगाळते आणि खाली ओली राहते, पन्हाळ्याकडून आणलेली तांबडी माती याच्या उलट झटपट कोरडी होते. त्यामुळं शेजाऱ्याचं वेळापत्रक आपल्या कुंडीला चालत नाही.

आच्छादनासाठी आपल्याला बाहेर बघायची गरज नाही. ऊसतोड संपत आलेली असते, पाचट मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. हातभर तुकडे करून दोन-तीन इंचांचा थर द्या, खोडाला चिकटू देऊ नका. जमिनीतल्या वाफ्यात वाळवी आहे का तेवढं बघा. रसवंतीवरची चिपाडं मात्र ओली तशीच घालू नका. त्यात साखर असते, मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या मागं पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला पाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन सोडतात. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधी गळताहेत आणि शेंड्याला पांढरा कापूस दिसतोय, तर आधी मुंग्यांची वाट शोधा. चिपाडं कडक उन्हात वाळवून घातली तर तीही चालतात.

फुलझाडांचं थोडक्यात

मोगऱ्याला उन्हाळा हाच हंगाम. कळी जांभळट-गुलाबी होऊन न फुलता गळत असेल तर कळीमाशी, कळीला भोक आणि जाळी असेल तर अळी. दोन्हींत बिघडलेल्या कळ्या रोज वेचून जाळायच्या आणि बुंध्याखालची माती हलवायची. कळ्याच नाहीत तर छाटणी राहिलीय. ती जानेवारी-फेब्रुवारीतलं काम, आता छाटून या हंगामाला फारसं हाती लागणार नाही. आफ्रिकन झेंडूची फुलं आता लहान येतात, त्याला इलाज नाही.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. पहिल्या वळवाच्या आधी मांडवाच्या गाठी तपासा आणि कुंड्यांची भोकं मोकळी करून ठेवा. वळवानंतर एक-दोन रात्री गार जातात, अडलेली मिरची त्या दिवसांत फळ धरते. म्हणून मेच्या सुरुवातीला मिरची उपटायची घाई करू नये. टोमॅटोचं तसं नाही. एप्रिल संपता संपता ज्या टोमॅटोला एकही फळ धरलेलं नाही, तो काढा आणि त्या कुंडीत गवारी किंवा भेंडी टोचा. दोघींना हे ऊन मानवतं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावलं तर आठवड्याभरात वर येतं.